हवाबीच्या बाटल्या

“बिअर म्हणजे काय हो शेवटी? जवाची आंबलेली पेज! तिचं एवढं कसलं कौतुक?”

गुरुदत्त चेंदवणकर हे वाक्य ऑफिसच्या पॅन्ट्रीत, चहात बिस्कीट बुडवता बुडवता बोलला. समोर चंद्रहास उभा होता. चंद्रहास कधी कुणाला आव्हान देत नाही. तो नुसती डावी भुवई वर करतो. त्या एका भुवईपायी मस्कतमधले किती सभ्य मराठी गृहस्थ मॅरेथॉन धावले, किती बासरी शिकले आणि एकाने तर टकलावर केस लावून घेतले!

“म्हणजे तुम्ही करून पाजणार?” भुवई वर गेली.

“पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी घरी या! येताना फक्त चकणा आणा!”

बिस्कीट तुटून चहात बुडालं. गुरुदत्तने तिकडे बघितलंसुद्धा नाही.

एरवी हा माणूस असा वाहवत जाणारा नव्हे. बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर. कुठल्या भिंतीत किती विटा लागतील आणि त्यातल्या किती फुटतील, हे आधी कागदावर मांडून मोकळा होणारा. ‘दहा टक्के वेस्टेज’ हा त्याचा कुलमंत्र. माणसांचाही अंदाज त्याच्याकडे असाच तयार असायचा: कोण किती गोड बोलणार, त्यातलं किती खरं, किती वाया जाणार. फक्त स्वतःचा अंदाज तेवढा त्याने कधी काढला नव्हता. ते काम राहून गेलं होतं, आणि पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

रीतसर परवाना काढून बाटली आणता आली असती की! पण परवान्याला कंपनीचं पत्र हवं आणि पत्रावर अर्बाबची सही. आणि अर्बाबने, म्हणजे मालकाने, एकदा भर मीटिंगमध्ये गुरुदत्तच्या खांद्यावर हात ठेवून जाहीर केलं होतं, “धिस मॅन, नो स्मोक, नो ड्रिंक. व्हेरी क्लीन!” तेव्हापासून गुरुदत्त ते शिफारसपत्र कपाळाला चिकटवल्यासारखा ऑफिसात वावरायचा. तेच कपाळ घेऊन सही मागायला कसं जायचं? आता घरी चोरून करायचं, तर तो सरळसरळ गुन्हा. पकडलं गेलं तर नोकरी खलास, व्हिसा खलास आणि पहिल्या विमानाने मुंबई! हेही त्याला ठाऊक होतं. पण भुवई वर गेली होती ना!

कामाला मात्र तो मन लावून लागला. मटकीला मोड आणणाऱ्या घराण्यात जन्मलेल्या माणसाला जवाला मोड आणणं काय अवघड? अल् घुब्राच्या फ्लॅटच्या बाल्कनीत त्याने ओल्या पंचात जव बांधले. मोड आले. मग ते वाळवले, भाजले, भरडले, उकळले. व्हिडिओतला गोरा दाढीवाला कसलीतरी कडू फुलं घाला म्हणत होता. ती कुठून आणायची? वासंतीच्या औषधांच्या डब्यात काडेचिराईत होतं. कडूच हवं ना? घातलं! फ्रिजमध्ये यीस्ट होतं, तेही घातलं. ते अंतराने, म्हणजे त्याच्या नववीतल्या मुलीने, पिझ्झासाठी आणून ठेवलेलं होतं.

“बाबा, माझा यीस्ट कोणी घेतला? आय हॅड केप्ट इट हिअर!”

“आईने पोळ्यांच्या पिठात घातलं असेल बघ,” गुरुदत्त म्हणाला. त्याचं पहिलं खोटं हे. पहिलं असल्यामुळे लहान होतं.

पाण्याची मोठी कॅन स्टोअररूममध्ये, वासंतीच्या जुन्या गाउनखाली गेली. दुसऱ्या दिवसापासून गाउनच्या आतून बुडबुड सुरू झाली, लग्नात मान न मिळालेली आत्या कोपऱ्यात बसून पुटपुटते ना, अगदी तशी.

“स्टोअरमध्ये काय पुटपुटतंय हो?” वासंतीने विचारलं.

“जवाचं पाणी. मूतखड्यावर फार चांगलं.”

“अगंबाई! तुम्हाला मूतखडा कधी झाला?”

“झालेला नाही. होऊ नये म्हणून.”

“आणि हा आंबूस वास?”

“औषधाला कधी अत्तराचा वास आलाय का?”

वासंतीने मान डोलावली. गुरुदत्तला वाटलं, विषय संपला. पण वासंती मान डोलावते तेव्हा विषय संपत नाही. तो नीट घडी घालून आत ठेवला जातो आणि वेळेला बरोबर बाहेर काढला जातो. इतक्या वर्षांच्या संसारात एवढा अंदाज काही त्याला बांधता आला नव्हता.

मग आला बाटल्या भरायचा दिवस. दाढीवाल्याने निक्षून सांगितलं होतं: साधी बाटली चालणार नाही, आतल्या गॅसने फुटेल. जाड काचेची हवी, तारेच्या खिट्टीने बसणारं झाकण हवं. तशा सहा बाटल्या सिंकखाली होत्या. घरातच होत्या, पण घरच्या नव्हत्या. त्या हवाबीच्या होत्या.

हवाबी आणि तिचा नवरा नूरुद्दीन परकार समोरच्या दारात राहायचे. मूळ गाव रत्नागिरीकडचं, दुकान मस्कतबाहेर बरक्याला: मसाले, सुकी मासळी, पापड. वासंतीचं ऑपरेशन झालं तेव्हा चेंदवणकरांची चूल पेटलीच नव्हती. डबे समोरच्या दारातून यायचे, तेही न विसरता बिनकांद्याचे, कारण वासंतीची आई आली होती आणि तिला कांदा चालत नव्हता! दर मोसमात गावाहून कोकमाचं आगळ आलं की या बाटल्या भरून इकडे. आणि परत जाताना त्या कधी रिकाम्या गेल्या नाहीत. वासंतीचा दंडकच होता तो. शेजारणीचं भांडं रिकामं पाठवायचं नाही. कधी पन्हं, कधी लिंबाचं सरबत, घरात अगदीच काही नव्हतं तेव्हा एकदा त्या अरुंद गळ्यातून मेतकूटसुद्धा भरून पाठवलं होतं. हवाबीला ते काढायला विणायची सुई घ्यावी लागली होती.

गुरुदत्तने सहाही बाटल्या घासून धुतल्या. दाढीवाला म्हणाला, बुडबुड्यांसाठी बाटलीमागे एक चमचा साखर. आता दाढीवाल्याच्या मुलखात चमचा म्हणजे चहा ढवळायची इवलीशी वस्तू. चेंदवणकरांच्या घरात चमचा म्हणजे पोहे खायचा चमचा! तो शिगोशीग भरून गुरुदत्तने प्रत्येक बाटलीत साखर घातली. वर वेस्टेज धरून आणखी चिमूट. खिट्ट्या बसल्या. खट्! खट्! खट्! त्या आवाजाने त्याला असा काही आनंद झाला की त्याने रिकाम्या स्टोअररूममध्ये स्वतःचीच पाठ थोपटली. बाटल्या कपाटात गेल्या.

तिकडे समोरच्या दारात वेगळीच गडबड होती. नूरुद्दीनचा उमरा ठरला होता, हवाबीही बरोबर जाणार होती. मक्केला जायचं त्याच्या मनात वर्षानुवर्षं. कधी दुकान आडवं आलं, कधी साथ आली, आणि गेल्या वर्षी तर ऐन वेळी त्याचा मूतखडा उठला. भरलेली बॅग परत रिकामी करताना तो लहान मुलासारखा रडला होता, हे हवाबीने वासंतीला सांगितलं होतं. या खेपेला मस्कतहून बस जाणार होती. वाटेत बरक्याची माणसं घेऊन, अमिरात ओलांडून, सौदीत.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तो चेंदवणकरांकडे आला. उमऱ्याला जाणारा माणूस आधी ओळखीपाळखीत फिरून सगळ्यांची माफी मागून येतो, तसा.

“गुरुभाऊ, इतकी वर्षं दाराला दार लावून राहिलो. एकदा पार्किंगवरून मी आवाज चढवला होता. मनात नको ठेवू. माफ कर.”

त्या पार्किंगमध्ये गाडी आडवी आपणच लावली होती, हे गुरुदत्तला चांगलं आठवत होतं. तरी त्याने साईबाबांसारखा हात वर केला. “अहो नूरभाई, मी तर केव्हाच माफ केलं!”

नूरुद्दीनने हातातलं गाठोडं उलगडलं. आत दोन पांढरी, बिनशिवणीची कापडं होती. कापराचा वास खोलीभर पसरला.

“बापाचं एहराम. तो बोटीने हजला गेला, तेव्हा हेच नेसला होता. जाताना बोलला, तू जाशील तेव्हा हेच नेस. किती वेळा पेटीतून काढलं नि परत ठेवलं. आता ह्या खेपेला...”

गुरुदत्तने उगाच पंख्याकडे बघितलं.

“आणि तुमचा तो मूतखडा?” वासंतीने काळजीने विचारलं.

“काय सांगायचं, वहिनी? एवढा बसचा प्रवास. अल्लाच्या भरवशावर निघालोय.”

वासंतीने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी गुरुदत्त शीळ घालतच घरी आला. उद्या शुक्रवार! उद्या भुवई खाली! एक बाटली थंड करायला ठेवावी म्हणून त्याने स्टोअररूमचं कपाट उघडलं. आतमध्ये बाटल्यांच्या बुडांचे सहा गोल उमटलेले होते. बाटल्या नव्हत्या.

“वासंती! इथल्या बाटल्या कुठायत?”

“दिल्या की.”

“कुणाला?”

“ज्यांच्या होत्या त्यांना! हवाबीभाभींच्या ना त्या?”

“रिकाम्या करून?” गुरुदत्तचा आवाज चिरकला.

“रिकाम्या कशा देईन? भरलेल्याच होत्या! जवाचं पाणी मूतखड्यावर चांगलं, तुम्हीच नाही का म्हणालात? नूरभाई बिचारे एवढ्या लांब निघाले. भाभींच्या डोळ्यांत पाणी आलं हो! म्हणाल्या, वासंतीबाय, सख्खी बहीण एवढी आठवण ठेवत नाय.”

गुरुदत्त खाली बसला. खुर्ची होती तिथे नव्हे. उभा होता तिथेच.

“काय झालं? साखर कमी पडलीय का त्यात?”

“वासंती... ते औषध नाहीये. बिअर आहे.”

वासंती या वेळी मान डोलवायची विसरली. “उमऱ्याला निघालेल्या माणसाच्या सामानात?” ती हळूच म्हणाली. “सौदीच्या नाक्यावर प्रत्येक बॅग उघडतात हो! आणि नाही उघडली तर... ते पितील!” मग एकदम ओरडली, “फोन लावा!”

नूरुद्दीनला फोन कानाला लावायची सवय नव्हती. दुकानात हात मसाल्याचे, म्हणून तो कायम स्पीकरवर बोलायचा.

“नूरभाई, एकटे आहात का?”

“एकटा कसला! अख्खी बस हाय! बोल, समदे ऐकतायत!”

“अस्सलाम आलेकुम!” बसभर गळे एकदम गर्जले.

“वा... वालेकुम! नूरभाई, ते जवाचं पाणी पिऊ नका!”

“आता कुठं पितोय? वाटेत गाडी किती वेळा थांबवणार? मक्केत पोचलो की घेईन, इन्शाल्ला!”

“मक्केत तर नकोच नको!”

“का रे?”

गुरुदत्तच्या जिभेवर खरं आलं होतं. पण बस कान देऊन ऐकत होती. “ते... ते अजून कच्चं आहे!”

“मग मुरेल की पोचेपर्यंत! आमच्या मौलानासाहेबांना पण मूतखडा हाय, एक बाटली त्यांना कबूल केलीय. मौलाना, ये गुरुभाऊ, बाटलीवाले!”

“अल्लाह आपको इसका नेक बदला दे, भाई!” एक भारदस्त आवाज म्हणाला.

“ऐकलंस? नि तुझ्या मूतखड्यासाठी पण मी तिथं दुवा करतो हां!” आणि फोन बंद. पुन्हा लावला, तर उचलेना.

बस बरक्याला संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजाला थांबणार, एवढं वासंतीला हवाबीकडून ठाऊक होतं. दोघं गाडीत बसली. हायवेवर गुरुदत्तने आयुष्यात पहिल्यांदा ॲक्सिलरेटर दाबून धरला.

“मूतखड्यावर म्हणे!” वासंती समोर बघत म्हणाली. “माझ्या हातांनी दिलं मी. दोन्ही हातांनी! वर म्हटलं, रोज एक ग्लास घ्या.”

“मला काय माहीत तू देऊन टाकशील?”

“शेजारचं भांडं मी कधी रिकामं पाठवलंय का?”

सगळ्या मस्कतला ठाऊक असलेली गोष्ट; हिशेबात धरायची राहिली होती ती नेमकी घरातली. तेवढ्यात रस्त्याकडेच्या रडारचा फ्लॅश चमकला.

“हसा,” वासंती म्हणाली. “फोटो निघतोय.”

बरक्याच्या मशिदीसमोर बस उभी होती. पुरुषमंडळी आत नमाजाला. हवाबी बायकांच्या बाजूने नमाज आटोपून परतली होती आणि बसच्या पायरीशी, मांडीवर बॅग घेऊन बसली होती. या दोघांना बघताच ती उठली आणि तिने वासंतीला मिठी मारली.

“अगो बाय! निरोप द्यायला एवढ्या लांब आलीस?”

“भाभी, त्या बाटल्या कुठायत?”

“ह्या काय! काचेच्या म्हणून डिकीत नाय टाकल्या. लेकरासारख्या मांडीवर घेतल्यायत.”

“त्या परत द्या.”

हवाबीचा चेहरा उतरला. “परत? दिलेलं परत मागतेस? काय चुकलं माझं?”

“काही नाही चुकलं! ते खराब झालंय!”

“खराब झालं तर माझं. घेतलेलं मी परत करत नाय. एवढ्या मायेने दिलंस नि आता...”

“भाभी, ऐका!” गुरुदत्तने पुढे होऊन बॅगेचा एक बंद पकडला.

“भाऊ, सोडा!” हवाबीने दुसरा बंद पकडला.

“तुमच्या भल्यासाठी सांगतोय!”

“माझं भलं मला कळतंय!”

बॅग डावीकडे गेली, उजवीकडे आली. बसमधल्या बायका खिडक्यांना चिकटल्या. आतल्या साखरेला दिवसभर उकाड्याने आधीच चेव आलेला होता. आता तिला कुणीतरी पाळण्यात घालून हलवत होतं. बॅगेच्या पोटातून एक बारीकसा सुस्कारा आला. आणि मग,

फट्टाक्!

हवाबीने बंद सोडला. गुरुदत्त बॅग पोटाशी घेऊन रेतीत बसला. बॅगेच्या चेनमधून पिवळा फेस उसळून त्याच्या शर्टावर, मांडीवर, बुटांत उतरायला लागला. वासाबद्दल मात्र दाढीवाल्याला मानलं पाहिजे. वास अगदी अस्सल होता.

“आंबून सिरका झाला वाटतं,” खिडकीतली एक म्हातारी म्हणाली.

हवाबीला वासाचं भान नव्हतं. ती धावत आली, तिने चेन ओढली आणि कपाळावर हात मारला.

“या अल्ला! ह्यांच्या बापाचं एहराम!”

बाटल्या आपटून फुटू नयेत म्हणून तिने सामानातल्या सगळ्यात मऊ कापडात त्या गुंडाळल्या होत्या.

गुरुदत्तने आत बघितलं. पांढऱ्या कापडावर पिवळट डाग पसरत चालला होता आणि ओल्या घड्यांमध्ये काचेचा चुरा चमकत होता. कापराचा वास कुठेच उरला नव्हता.

नमाज सुटला होता. नूरुद्दीन मशिदीतून हसत, हात पसरून येत होता. “गुरुभाऊ! तू इथं?” दहा पावलांवर त्याचं हसू थांबलं. गल्फला यायच्या आधी तरुणपणी त्याने मुंबईत परमिट रूममध्ये ग्लास विसळले होते. त्याला वास ओळखायला वेळ लागला नाही. तो गुरुदत्तच्या समोर उकिडवा बसला आणि हळू आवाजात विचारता झाला.

“ह्यात जव हाय ना?”

“हो. जव.”

“नि?”

“यीस्ट. अंतराचं.”

“नि?”

“साखर... जरा जास्त पडली.”

नूरुद्दीनने कापडाचं एक टोक उचललं. चिमटीत धरून बघितलं आणि परत ठेवलं. तो ओरडला असता, शिवी दिली असती, तर गुरुदत्तला ती प्रसादासारखी घेता आली असती.

मागून मौलाना आले. “नूरुद्दीनभाई, क्या हुआ? मेरी बोतल तो सलामत है?”

गुरुदत्तने डोळे मिटले. आता सगळं बाहेर येणार. नोकरी, व्हिसा, अर्बाबचं ते ‘व्हेरी क्लीन’!

“खराब निकली, मौलाना,” नूरुद्दीन उठत म्हणाला. “सब फेंक देते हैं. आप बैठिए.”

मक्केच्या वाटेवरचा माणूस. एक शब्द खोटा बोलला नाही, आणि शेजाऱ्याला उघडाही पाडला नाही.

“हे धुऊन...” वासंती कापड उचलायला गेली.

“काच हाय, वहिनी. हात कापेल. नि अंगाला लावायचं कसं आता?”

गुरुदत्त उठला आणि बरक्याच्या बाजारात धावत सुटला. भिजलेल्या, वासाच्या शर्टात तो दुकानादुकानातून एहराम मागत होता आणि दुकानदार दोन पावलं मागे सरून त्याला पुढचं दुकान दाखवत होते! शेवटी मिळालं. सवयीने त्याने एकाऐवजी दोन जोड घेतले. परत आला तेव्हा ड्रायव्हर हॉर्न बडवत होता. “यल्ला! यल्ला!”

नूरुद्दीनने एक जोड घेतला, दुसरा परत केला. पायरीवर पाय ठेवला.

“नूरभाई, मला...”

“यल्ला!” हॉर्न.

दार बंद झालं. काल संध्याकाळी आपण किती ऐटीत हात वर करून माफी दिली होती, ते गुरुदत्तला आठवलं. आज मागायची होती तर शब्द हॉर्नखाली गेला. खिडकीतून हवाबी वासंतीकडे बघत होती. हात मात्र तिने हलवला नाही.

उरलेल्या पाच बाटल्या गुरुदत्तने रस्त्यापलीकडच्या रेतीत नेऊन एकेक करून उघडल्या. प्रत्येकीतून कारंजं उडालं. एक बकरी आली, तिने ओल्या रेतीचा वास घेतला, आणि मान फिरवून निघून गेली. सगळ्या खटपटीवर मिळालेला एकुलता एक अभिप्राय!

दुसऱ्या दिवशी चंद्रहास भरपूर चकणा घेऊन हजर झाला. गुरुदत्तने त्याच्यापुढे कोकम सरबत ठेवलं.

“आणि बिअर?”

“वेस्टेज.”

“किती टक्के?”

“शंभर.”

भुवई वर गेली आणि, आश्चर्य म्हणजे, गुरुदत्तचा चेहरा बघून आपली आपण खाली आली. दोघांनी मुकाट्याने शेंगदाणे खाल्ले.

मागे राहिलेलं ते कापड गुरुदत्तने स्वतः धुतलं. वासंतीला हात लावू दिला नाही. बाल्कनीत उजेडाला धरून त्याने एकेक घडी तपासली, काचेचे कण भुवया उपटायच्या चिमट्याने काढले, बोटं कापून घेतली. पाण्यामागून पाणी बदललं. बिअरचा वास गेला. काडेचिराईताचा डाग फिकटला, पण गेला नाही. दोन्ही कापडं घडी करून त्याने मध्ये कापूर ठेवला. नवा कापूर. जुन्याचा वास वेगळा होता.

उमरा करून दोघं परत आली. नूरुद्दीनचं डोकं तुळतुळीत केलेलं, चेहरा उन्हाने तांबूस. सवयीप्रमाणे तो आधी चेंदवणकरांच्या दारातच आला. खजूर आणि मक्केतल्या झमझम विहिरीचं पाणी घेऊन. गुरुदत्तने गाठोडं दोन्ही हातांनी पुढे केलं. नूरुद्दीनने ते उलगडलं नाही. नुसतं नाकाशी नेलं.

“तिकडं गर्दीत चालताना सारखा बाप आठवायचा,” तो म्हणाला. “नव्या कापडाला दुकानाचा वास होता. मी म्हटलं, असू दे. अल्ला काय कापड बघतो?” गाठोड्याची गाठ चाचपत म्हणाला, “मी बघत होतो, पण.”

“नूरभाई, मला माफ करा.” हॉर्न नव्हता, म्हणून ते अखेर बाहेर पडलं.

नूरुद्दीनने गाठोडं काखेत मारलं. “तुझ्या मूतखड्यासाठी दुवा मागितली हां मी तिथं. कबूल केलं होतं ना! बरा हाय आता?”

“हो,” गुरुदत्त जमिनीकडे बघत म्हणाला. “पूर्ण बरा.”

“परत होऊ देऊ नको.”

तेवढ्यात वासंती आतून आली. तिच्या हातात ट्रे होता, ट्रेमध्ये हवाबीच्या उरलेल्या पाच बाटल्या, घासूनपुसून लखलखीत. शेजारी पन्ह्याचं पातेलं आणि नरसाळं. सकाळपासून कैऱ्या उकडून, गर काढून, वेलची कुटून तिने तयारी केली होती. पहिल्या बाटलीत नरसाळं बसलं, आणि दारातून हवाबीचा हात पुढे आला. तो हात हळूच वासंतीच्या मनगटावर टेकला. बरक्यानंतर पहिल्यांदाच.

“बाय,” हवाबी म्हणाली, “ह्या खेपेला रिकाम्याच दे गो. नि झाकणं उघडी ठेव!”